डाव्या कोपऱ्यातली जुनाली

दौंडला जिल्हा संघाची निवड स्पर्धा होती. सणसवाडीच्या मुलींना कबड्डी शिकवणाऱ्या विश्वजीत सरांनी संघ ठरवला आणि त्यातून जुनालीला वगळलं.

जुनाली बोरो मूळची आसामची. वडील इथल्या कारखान्यात कामाला आले तेव्हा ती कडेवर होती. इथेच वाढली, इथलंच मराठी बोलायची. डाव्या कोपऱ्यात ती उभी राहिली की चढाईला आलेल्या भल्याभल्या मुलींचे पाय लटपटत. ज्युनिअर गटातलं हे तिचं शेवटचं वर्ष. पण गेल्या खेपेला तिचं तोंड पाहूनच समोरच्यांनी ‘भाडोत्री खेळाडू आणलाय’ म्हणून गोंधळ घातला होता. आधार कार्डावर सणसवाडीचा पत्ता असूनही! पुन्हा तो ताप नको, असं सरांनी ठरवून टाकलं.

दौंडला संघ पहिल्याच फेरीत हरला. डावा कोपरा सताड उघडा पडला होता. परतताना जीपमध्ये मुली मुसमुसत होत्या. जीप चालवणारे शेखलाल मामा स्वतः एके काळचे नावाजलेले खेळाडू. ते शेजारी बसलेल्या सरांना म्हणाले,

“वाद टाळायचा व्हता ना, सर? मंग वाद घालणाऱ्याला गप करायचं. तुम्ही पोरीलाच घरी बसवलं.”

“मामा, संघासाठीच केलं हो.”

“मंग संघाचं काय झालं? ह्या पोरींनी काय वाकडं केलं व्हतं तुमचं? आन् जुनालीचं नाक बसकं हाय, डोळं बारीक हायत, ह्यात तिचा काय गुन्हा?”

शरमेनं सरांची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी ते जुनालीच्या खोलीवर गेले. ती एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला लागली होती आणि शिफ्टला निघाली होती.

“चुकलं माझं, पोरी. सरावाला ये.”

“तवा लोक मला परकी म्हनले, त्याचं काय वाटलं न्हाई, सर. तुम्ही माझ्या मागं उभं व्हता. आता तुम्हीच त्यांच्यात गेलात.”

एवढं बोलून ती शिफ्टला निघून गेली.

ती लगेच आली नाही. सर मात्र तिची शिफ्ट सुटल्यावरच सराव घेऊ लागले, आणि एके दिवशी ती आली. पुढे शिरूरच्या खुल्या स्पर्धेत पुन्हा तीच हरकत निघाली, तेव्हा सर पंचांसमोर जाऊन उभे राहिले.

“ही आमच्या गावची पोरगी हाय. ही खेळंल, न्हाईतर आमच्यातलं कुणीच खेळणार न्हाई!”

जुनाली खेळली. पण जिल्हा संघात जाण्याचं ते शेवटचं वर्ष तिला कुणीच परत देऊ शकलं नाही.

मंडळी, चेहऱ्यावरून माणसाला परकं ठरवलं की नुकसान त्याच्या एकट्याचं होत नाही. त्याचा गुण वाया जातो आणि सारा समाज तेवढा दुबळा होतो. आणि असा अन्याय करणारा दरवेळी दुष्टच असतो असंही नाही. पुष्कळदा तो ‘वाद नको’ म्हणणारा, तुमच्याआमच्यासारखाच भला माणूस असतो.