टाकीपर्यंतचा रस्ता

आमची ही गेली त्याला आठ महिने झाले. तिचा फोन मी दुकानात बटणांच्या डब्यांशेजारी ठेवला आहे. दर दोन दिवसांनी सून तो चार्ज करून आणते. का करते ते मी कधी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

मी शर्टांचा शिंपी; पुढे दुकान, मागे घर. एकतीस वर्षं एकच टेबल आणि एकच कात्री. मी कापायचो, ही काज-बटण करायची, कॉलरी उलटवायची आणि गिऱ्हाइकांशी बोलायची. यातलं तिसरं काम सगळ्यात मोठं होतं, हे मला आता एकट्याने दुकान चालवताना कळतं आहे.

चार वर्षांपूर्वी तिच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं. सुनेने तिच्या फोनमध्ये एक सोय करून दिली. निघताना बटण दाबायचं, थांबताना पुन्हा दाबायचं. जिथून चाललो तिथे नकाशावर निळी रेघ उठते आणि खाली किती किलोमीटर झाले ते येतं. रस्ता आधी बोटाने आखूनही ठेवता येतो. आखलेली रेघ लाल दिसते. तिच्यावरून चालताना भरकटलं की फोन थरथरतो.

हिला त्याचा नादच लागला. महिनाभरात ती साखरेसाठी चालायची थांबली आणि रेघेसाठी चालू लागली. सकाळी परत आली की बूट न काढता फोन माझ्या टेबलावर ठेवायची.

"बघा, आज बदक झालंय."

मी कापडावरची नजर न उचलता म्हणायचो, "बघतो."

"चोच तरी बघा. चोचीसाठी दातांच्या डॉक्टरांच्या गल्लीत दोनदा जाऊन आले. त्यांना वाटलं, मला दाढ काढायचीय आणि धीर होत नाहीये."

"बघतो म्हटलं ना."

"एक दिवस दुकान तासभर उशिरा उघडा. एकच दिवस. चला माझ्याबरोबर."

यालाही माझं उत्तर तेच. हा शब्द मी इतका वापरला की शर्टाचं बटण असतं तर कधीच तुटून पडलं असतं.

गेल्या महिन्यात एकदा सून फोन द्यायला आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, हे बघा जरा."

यावेळी मी कात्री खाली ठेवली आणि बघितलं. एक आखलेली लाल रेघ होती. नाव लिहिलं होतं 'दोघांचा'. तारीख दवाखान्यात नेण्याच्या पाच दिवस आधीची. दुकानाच्या दारातून निघून डावीकडच्या गल्लीत, मग शाळेच्या मागचा लांब रस्ता, बागेला वळसा, पुढे तिरकी गल्ली, आणि थोडं खाली वळून मोठ्या रस्त्यावरची पाण्याची टाकी. तिथे रेघ संपली होती.

"आईंचा प्रत्येक रस्ता घरी येतो," सून म्हणाली. "हा टाकीशीच थांबलाय. परतीचं आखायचं राहून गेलं असेल."

राहून गेलं हे मला पटेना. अंगात ताप असला तरी हातातलं काज पुरं केल्याशिवाय उठली नाही अशी ही बाई. ती रस्ता अर्धा टाकेल? आणि वर त्याला नाव देईल?

मी ठरवलं की तो रस्ता आपण चालायचा. ती मला कुठे नेणार होती तेवढं मला कळायला हवं होतं. आयुष्यभर 'बघतो' म्हटलं, आता ते एकदा तरी खरं करायचं होतं. पण रस्ता कुठे जातो हेच माहीत नसेल, तर चालून पुरा केला असं म्हणायचं तरी कसं?

शेजारच्या गाळ्यातला घड्याळवाला माझा जुना मित्र. त्याला म्हटलं, चल.

"मास्तर, तू चालणार?" त्याने डोळ्याला लावलेलं भिंग काढून मला नीट पाहिलं. "आपण दोघं मिळून आजवर कोपऱ्यावरच्या चहाच्या पुढे गेलो नाही."

"येणार का नाही?"

"येतो. तुला परत उचलून आणायला कोणीतरी पाहिजेच."

रविवारी दुकानं बंद असतात म्हणून रविवारी दुपारी निघालो. फोन माझ्या हातात. शंभर पावलं गेलो नाही तोच तो थरथरला. थोडं पुढे गेलो, पुन्हा थरथरला. शाळेपाशी तर थांबेचना.

"वहिनी ओरडतायत बहुतेक," घड्याळवाला म्हणाला. "आण इकडे." त्याने फोन डोळ्यांजवळ नेला. "अरे, रेघ शाळेच्या भिंतीलगत आहे. तू मैदानाच्या पलीकडून का चाललायस?"

मलाही कळेना. बागेपाशी पुन्हा तेच. रेघ आतल्या वाटेने वळत होती आणि मी कुंपणाच्या बाहेरून. मग लक्षात आलं. कापड कापताना खडूच्या खुणेवर कात्री कोणी चालवत नाही. शिलाईत जायला अर्धा इंच सोडून बाहेरून कापायचं. त्या सोडलेल्या कापडाला आम्ही माया म्हणतो. एकतीस वर्षं हाताला ती सवय, ती पायांत उतरली होती. रेघ दिसली की पाऊल आपोआप तिच्या बाहेर पडत होतं.

हे सांगितल्यावर घड्याळवाला रस्त्यात थांबून हसला. "बरं झालं तू ड्रायव्हर झाला नाहीस," म्हणाला.

टाकीपाशी पोचलो तर एक भिंत, कुलूप लावलेलं फाटक आणि एक बाक. दुसरं काही नाही.

"वहिनींनी तुला इथे आणून सोडून द्यायचं ठरवलं असणार," घड्याळवाला म्हणाला. "मांजर सोडतात तसं."

"मग मी घरी आलो असतो. मांजर येतंच परत."

"तेही खरं. मोठा रस्ता सरळ तुझ्या दारात जातो. आंधळा माणूसही पोचेल."

टाकीचा रखवालदार आमचं बोलणं ऐकून आतून आला. मी त्याला हिच्याबद्दल विचारलं.

"पांढरे बूट घालणाऱ्या बाई? त्यांना कोण ओळखत नाही? माझ्या शर्टाचं बटण त्यांनी इथे बसून लावून दिलंय. सुई-दोरा जवळच असायचा त्यांच्या." त्याने ते बटण दाखवलं. चार भोकांचं, फुलीचा टाका. टाका तिचाच होता. "एकदा मला विचारत होत्या, या बाकावर दोन माणसं नीट बसतात का? म्हटलं, बसतात. तरी दोन्ही टोकांना बसून बघितलं त्यांनी."

म्हणजे मला टाकीशीच आणायचं होतं. एवढं तर कळलं. पण सरळ रस्त्याने बारा मिनिटं लागतात, तिथे यायला गावाला वळसा कशाला?

तीन दिवस डोक्यात तेच. चौथ्या दिवशी दुपारी मी एका गिऱ्हाइकाचा शर्ट कापायला घेतला. कापड घडी घालून टेबलावर आडवं पसरलं, त्यावर पाठीचा पुठ्ठ्याचा फर्मा, म्हणजे आखायचा साचा, ठेवला. सुनेने आणलेला फोन त्याच्याच शेजारी पडला होता, रेघ दिसत होती. हातात धरला की ती मला कलंडलेल्या तांब्यासारखी दिसायची. आता आडवी दिसली, फर्म्याच्या शेजारी.

शर्टाची पाठ कधी पुरी आखत नाहीत. कापड दुहेरी दुमडायचं आणि अर्धीच पाठ आखायची. घडीची बाजू सरळ असते, तिथे कात्री लावायची नसते. अर्धी कापली, उघडली, की पुरी पाठ तयार. आमच्याकडच्या फर्म्यांत पुरी पाठ एकही नाही.

डावीकडची गल्ली म्हणजे खालचा घेर. शाळेमागचा लांब रस्ता म्हणजे बाजूची शिलाई. बागेचा वळसा म्हणजे मुंढा, बाही जोडायची जागा. तिरकी गल्ली म्हणजे खांदा. आणि टाकीजवळचं ते थोडं खाली वळणं म्हणजे गळा. दुकानापासून टाकीपर्यंतचा सरळ मोठा रस्ता म्हणजे घडी.

मी सुनेला फोन केला. ती कामावर होती.

"बाबा, काय झालं? बरे आहात ना?"

"मोठ्या रस्त्याच्या पलीकडून तिची एखादी रेघ आहे का ते बघायचंय. बाजाराच्या बाजूने. दुकानापासून टाकीपर्यंत."

"चारशेच्या वर आहेत बाबा."

"शेवटून बघत जाऊ. तू ये."

तिला यायला तास लागला. तोवर माझ्याकडून एक सरळ टाका पडला असेल तर शपथ. ती खुर्चीत न बसता टेबलावरच वाकली आणि हिच्या फोनवर एकेक रस्ता काढू लागली. मग तिचं बोट थांबलं.

निळी रेघ. म्हणजे नुसती आखलेली नव्हे, चाललेली. तारीख तीच, लाल रेघेच्या दिवसाची. दुकानाच्या दारातून उजवीकडे, बाजाराच्या मागच्या पायऱ्या चढून, वळसा घेऊन टाकीपर्यंत. टाकीशी थांबलेली.

आमची वस्ती मोठ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच नकाशाने बांधलेली आहे. इकडे शाळा तशी तिकडे बाजार, इकडे बाग तशी तिकडे दवाखाना. सुनेने दोन्ही रेघा एका नकाशावर आणल्या आणि फोन माझ्यापुढे सरकवला. शर्टाची पाठ. अर्धी निळी, अर्धी लाल.

"म्हणजे आईंनी त्यांची बाजू चालून ठेवली होती," ती म्हणाली.

"आणि पायऱ्या स्वतःकडे घेतल्या. माझा गुडघा आहे ना."

ती डोळे पुसत हसायला लागली. "म्हणजे बाबा, रस्ता पुरा आहे. तुमचंच काम राहिलंय."

"गिऱ्हाईक म्हणतं तसं बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी, कामाच्या दिवशी, मी दारावर पाटी लावली: 'आज दुकान एक तास उशिरा उघडेल.' घड्याळवाल्याने ती वाचली, आत गेला आणि आपल्या दारावर तशीच पाटी लावून आला. घड्याळाच्या दुकानावर ती जरा वाईट दिसत होती. सुनेने अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली. ती दोघं थर्मास घेऊन स्कूटरवरून पुढे गेली. मी बटण दाबलं आणि डावीकडे वळलो.

सकाळी मी कधी बाहेर पडलेलो नाही. माणसं ओळखीची, पण मी त्यांना मापांनी ओळखतो. छत्तीसची छाती दूध घेऊन चालली होती. साडेपंधराचा गळा फाटकावर उभा राहून दात घासत होता. सगळे मला हात करत होते, आणि मला वाटलं, यातले बरेच हात तिच्या खात्यावरचे आहेत.

त्याच गल्लीत पुढे एक खिडकी उघडली. दातांचे डॉक्टर होते.

"मास्तर, आज काय, बदक का?"

"नाही. शर्ट."

"बरोबर आहे. तुम्हाला तेच जमायचं."

शाळेपाशी मी भिंतीला चिकटून चाललो. हात भिंतीवरून सरकवत गेलो म्हणा ना. फोन गप्प. बागेपाशी मात्र आतल्या वाटेवर पाईपसाठी खोदून ठेवलं होतं. नाइलाज, कुंपणाच्या बाहेरून गेलो. फोन थरथरला. मी त्याला म्हटलं, "अगं, खणलंय इथे, काय करू?" एक फिरायला आलेले आजोबा वळून बघत राहिले.

तिरक्या गल्लीत गुडघा बोलायला लागला, पण चढ नव्हताच कुठे. तिने एकेक रस्ता तपासून घेतला होता. मी हळूहळू गेलो. घाई कसली होती?

टाकीशी तिघं उभे होते. सून, घड्याळवाला आणि कुलूप उघडून बाहेर आलेला रखवालदार. मी बटण दाबलं आणि बाकाच्या एका टोकाला बसलो. दुसरं टोक रिकामं ठेवलं. कोणी त्यावर बसलं नाही, सुनेने तिथे हळूच फोन ठेवला.

आता दोन्ही रेघा निळ्या होत्या. सगळे वाकून बघू लागले.

"एका बाजूने ढगळ झालाय," घड्याळवाला म्हणाला. "हा इथे, मुंढ्याला."

"माया सोडलीय."

"रस्ता खणला होता म्हणून ना?"

"कारण काही असो. कापड जास्त राहिलेलं बरं. कमी पडलं की जोड द्यावा लागतो."

सुनेने चहा ओतला. तिने फोनमध्ये काहीतरी लिहिलं आणि मला दाखवलं. 'दोघांचा' याच्यापुढे तिने लिहिलं होतं, 'झाला'. मी मान डोलावली. चहा गरम होता, ऊन अजून कोवळं होतं, आणि दुकान उघडायला अजून वीस मिनिटं होती. इतकी वीस मिनिटं माझ्याकडे यापूर्वी कधी नव्हती.

घड्याळवाला अजून नकाशाकडेच बघत होता.

"मास्तर, एक विचारू? याला बाह्या कुठे आहेत?"

"बाह्या पाठीबरोबर कापत नाहीत. त्या वेगळ्या."

"वेगळ्या म्हणजे?"

"म्हणजे उद्या. एक डावी, एक उजवी. पायऱ्यांची बाजू तुझी."

त्याने कपातला उरलेला चहा संपवला, बुटाची नाडी सोडून पुन्हा आवळून बांधली, आणि म्हणाला, "पाटी काढू नकोस मग. उद्याही लागेल."