एकाआड एक शनिवार

नव्या पानाच्या माथ्यावर एवढंच लिहिलेलं होतं: ‘नवा लेख दर’. पुढे जागा रिकामी.

“रविवारपर्यंत सांग, वहिनी,” नणंद म्हणाली होती. जाहिरातींच्या कचेरीत कामाला असल्यामुळे तिला सगळ्या गोष्टींची तारीख लागायची. “ब्लॉगचं नवं रूप तयार आहे. फक्त ही ओळ अडलीय. दर दिवशी, दर आठवड्याला, काय ते एकदा ठरव, पाळ, आणि निवांत हो.”

‘निवांत’ हा शब्द ऐकून मुंगीच्या आईला हसूच फुटलं. मुंगी नऊ महिन्यांची होती. जमिनीवरचा कणन्‌कण उचलून थेट तोंडात घालायची, म्हणून मुंगी. तिच्या राज्यात दिवसाला दोनच फटी सापडत. सकाळी अकराला चाळीस मिनिटं, आणि दुपारी तीनला, नशीब जोरावर असलं तर, तासभर. त्या फटींत आईचं सगळं मावायचं: जेवण, अंघोळ, पुस्तकांची बांधणी आणि ब्लॉग.

मुंगी व्हायच्या आधी ती सात वर्षं मास्तरांच्या बांधणीखान्यात होती. फाटक्या, उसवलेल्या, पाठ मोडलेल्या पुस्तकांना पुन्हा उभं करायचं काम. आता ती घरच्या मागच्या खोलीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली बसून तेच काम करायची. टेबलावर दोरा, मेण, खळीचं भांडं, आणि शिकंजा. शिकंजा म्हणजे दोन जाड फळ्या. मध्ये पुस्तक ठेवायचं आणि वरून स्क्रू आवळायचा. खळ वाळेपर्यंत पुस्तक त्यात गपचूप पडून राहतं. घरात गपचूप पडून राहणारं तेवढं एकच कोणीतरी.

ब्लॉगवर ती या पुस्तकांबद्दल लिहायची. कोणतं पुस्तक कोणत्या अवस्थेत आलं, कुठे टाका घातला, आतल्या पानांत काय सापडलं. सुरुवातीला मनात येईल तेव्हा लिहायची. मग नणंदेनं हातात घेतलं.

“वाचक म्हणजे मांजर, वहिनी. रोज त्याच वेळी बशी ठेवली नाही, तर ते दुसऱ्याच्या दारी जातं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. चुकवायचं नाही.”

दोन महिने तिनं चुकवलं नव्हतं. आकडे वाढले होते. नणंद दर शुक्रवारी फोन करून ते वाचून दाखवायची, निकालाच्या दिवशी गुण सांगावेत तसे. एवढं मात्र खरं, की महिन्याला तिच्या हातून नीट अशी दोन पुस्तकं व्हायची आणि लेख लागायचे बारा. मग तिनं सुईबद्दल लिहिलं. दोऱ्याबद्दल लिहिलं. एकदा तर चांगली खळ आणि वाईट खळ यांवर नऊशे शब्द लिहिले आणि स्वतःच वाचून खिन्न झाली. त्या लेखाखाली एका बाईनं प्रतिक्रिया टाकली होती: ‘ताई, तुमचं लिहिणं आवडतं, पण सात लेख साचलेत. बेसिनमधल्या भांड्यांसारखे बघतात माझ्याकडे.’ ते वाचून ती हसली होती, आणि पुढचा लेख लिहायला बसली होती.

मग ती वही आली.

एका म्हाताऱ्या सुईणबाईंची वही. अडतीस वर्षांची बाळंतपणं त्यात लिहिलेली. ओल्या हातानं शाई पसरते म्हणून सगळं पेन्सिलीनं. तारीख, घर, मुलगा का मुलगी, वजन, आणि शेवटच्या रकान्यात ‘रडणं’. ‘बारीक.’ ‘रागीट.’ ‘जरा उशिरा, पण भरपूर.’ मुंगीच्या आईनं ती पानं वाचली तेव्हा तिच्या मांडीवर मुंगी होती. तिनं उगाचच मुंगीच्या टाळूवर ओठ टेकवले.

वहीचा कणा पार गेला होता. तिनं पानं पुन्हा शिवली, नवा कणा चढवला, नवे पुठ्ठे लावले आणि सोमवारी दुपारी वही शिकंज्यात घातली. दोन दिवस हलवायची नाही. हवा दमट असेल तर तीन.

पण बुधवारी लेख होता. आणि दुसरं काही लिहायला नव्हतं.

मंगळवारी अकराला मुंगी झोपली तशी तिनं शिकंजा सैल केला. वही बाहेर काढली. पुठ्ठा आणि पानांमध्ये ठेवलेला मेणकागद फोटोत वाईट दिसत होता, म्हणून काढला. खिडकीपाशी, चांगल्या उजेडात, फोटो घेतला. फोटो इतका देखणा आला की तीच बघत राहिली. तेवढ्यात आतून मुंगीनं हाक दिली. हाक कसली, भोंगाच. तिनं वही घाईघाईनं परत शिकंज्यात सरकवली, स्क्रू आवळला आणि पळाली.

मेणकागद टेबलावरच राहिला.

बुधवारी सकाळी लेख गेला. ‘अडतीस वर्षांचं रडणं, नव्या कण्यासह.’ दुपारी तीनला तिनं वही काढली. वरचा पुठ्ठा पापडासारखा वाकलेला. कण्यावर सुरकुत्या. आणि ओली खळ आत झिरपून शेवटची दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली. तिनं ती उजेडाकडे धरली. पलीकडून पेन्सिलीच्या पुसट ओळी दिसत होत्या. मोजल्या. अकरा. अकरा बाळं आत अडकली होती.

फोन वाजला. नणंद. “वहिनी! अगं, बघितलंस का? एवढे वाचक एका दिवसात आजवर कधी आले नव्हते! लोक रडतायत खाली! तो फोटो म्हणजे ना…”

“हं,” ती म्हणाली.

“हं काय? आता लोखंड तापलंय. मी तर म्हणते, आठवड्याला पाच कर.”

तिनं मुंगी उठल्याचं सांगून फोन ठेवला. मुंगी उठली नव्हती. नणंदेशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली, आणि त्या दिवसातलं ते दुसरं होतं; पहिलं ब्लॉगवर झळकत होतं.

गुरुवारी तिनं मुंगीला पोटाशी बांधलं, वही फडक्यात गुंडाळली आणि मास्तरांकडे गेली. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला, वही नाकाशी आणली. मुंगीनं तेवढ्यात त्यांच्या टेबलावरचा दोऱ्याचा तुकडा पैदा केला.

“किती तासांवर काढलीस?”

“वीस.”

“आणि मी काय शिकवलं होतं?”

“दोन दिवस. दमट असेल तर तीन.”

“हवा कशी होती?”

“दमट.”

“वा. म्हणजे पाठ आहे सगळं.” त्यांनी मुंगीच्या तोंडातून दोरा ओढून काढला. “घाई कसली होती, बाइंडरीणबाई? गिऱ्हाईक दाराशी बसलं होतं?”

“ब्लॉग,” ती म्हणाली. तो शब्द त्या खोलीत फार हलका वाटला.

मास्तरांनी ब्लॉग वाचला नव्हता. फोनवरची अक्षरं त्यांना दिसत नसत. त्यांनी खालच्या खणातून टिपकागद काढला, ओला करून पिळला, चिकटलेल्या पानांवर अलगद ठेवला. “खळ होती म्हणून वाचलीस. बाजारचा गोंद असता तर नमस्कारच. आणि बाईनं पेन्सिलीनं लिहिलंय, शहाणी आहे. पाण्यानं काही जात नाही.” मग त्यांनी बोथट पट्टी तिच्या हातात दिली. “मी नाही करणार. तू कर. पोरीला दे इकडे.”

दोन तास लागले. एका वेळी केसाएवढं. मास्तर मुंगीला घेऊन बांधणीखान्यात फिरत होते, एकेक यंत्र दाखवत होते आणि ‘याला हात लावशील तर खबरदार’ असं दरडावत होते; मुंगी खिदळत होती. शेवटी पानं सुटली. एका बाळाचं वजन थोडं पुसट झालं होतं, बाकी सगळी धडधाकट. पुठ्ठे मात्र बदलावे लागणार होते. म्हणजे पुन्हा कणा, पुन्हा खळ, पुन्हा शिकंजा.

“शनिवारी घ्यायला येणार आहेत त्या,” ती म्हणाली.

“मग शनिवारी त्यांना सांग.”

शुक्रवारचा लेख तिनं लिहिला नाही. त्याऐवजी बुधवारच्या लेखाच्या माथ्यावर चार ओळी घातल्या: ‘हा फोटो वही वाळण्याआधी काढला आहे. फोटोसाठी मी ती घाईनं काढली आणि ती बिघडली. पुन्हा करते आहे. झाली की सांगेन.’ तिनं बटण दाबलं. मनात एकच होतं: एकदा हे वाचल्यावर आपल्याकडे पुस्तक कोण देईल, आणि आपलं लिहिणं खरं कोण मानेल? मुंगी झाल्यापासून ‘माझं’ म्हणावं असं एवढंच तर उरलं होतं.

शनिवारी सुईणबाई आल्या. बुटक्या, ताठ, हातात छत्री काठीसारखी. बसायच्या आत म्हणाल्या, “सुनेनं फोनवर दाखवलं. आमच्या गल्लीत सगळ्यांना दाखवलंय मी. कुठे आहे वही?”

मुंगीच्या आईनं शिकंज्याकडे बोट केलं. “मावशी, अजून आत आहे. सोमवारी सुटेल. माझ्या हातून बिघडली होती.” आणि मग तिनं सगळं सांगितलं. वीस तास, मेणकागद, अकरा बाळं. रडायचं नाही असं ठरवलं होतं. डोळ्यांनी ऐकलं नाही.

सुईणबाईंनी ऐकून घेतलं. “अकरापैकी कोण गेलं?”

“कोणी नाही. एकाचं वजन पुसट झालंय.”

“कुणाचं?”

“शेवटून तिसरं. मुलगा.”

“तो होय! तो आता एवढा ढब्बू झालाय की त्याचं जन्माचं वजन कुणी विचारत नाही.” त्यांनी छत्री भिंतीला टेकवली आणि पहिल्यांदाच खुर्चीत बसल्या. “पण घाई कशाला केलीस गं? मी कुठे पळून चालले होते?”

तिनं सोमवार, बुधवार, शुक्रवारचं सांगितलं. मांजर आणि बशीचंही. आणि मग मनात दोन दिवस घोळत होतं तेही बोलून टाकलं: “आता वाटतं, वारच नको. होईल तेव्हा लिहावं. नाहीतर बंदच करावं.”

“हे काय भलतंच!” सुईणबाई एकदम कडाडल्या. मुंगी दचकली आणि मग त्यांच्याकडे कौतुकानं बघायला लागली. “अगं, बाळ कधी येणार ते मी आयुष्यात कुणाला सांगितलं नाही. ते त्याच्या मर्जीनं येतं. पण मी कधी येणार ते सांगायचे. मंगळवारी म्हटलं की मंगळवारी. चिखल असो, ताप असो. पोटुशी बाई खिडकीत उभी असते, तिला काहीतरी वार लागतोच. नुसतं ‘येईन कधीतरी’ म्हटलं तर ती रोज उभी राहील नाहीतर राहणंच सोडेल.”

“पण रोज सगळ्यांकडे कसं जमायचं?”

“रोज कोण जात होतं? मला पाय दोनच होते. जेवढ्या घरी खरोखर पोचता येईल तेवढेच वार मी द्यायचे.” त्यांनी मुंगीला उचललं, हातावर तोलल्यासारखं केलं. “तुला महिन्याला किती पुस्तकं होतात?”

“दोन.”

“मग झालं की. हिशेब मला कशाला विचारतेस?”

रविवारी नणंद आली तेव्हा मुंगी तिच्या चपलेचा पट्टा चघळत होती. नणंदेनं लॅपटॉप उघडला, त्या चार ओळी वाचल्या आणि गंभीर झाली. “वहिनी, हे मला का नाही सांगितलंस?”

“तू इतकी खूश होतीस.”

नणंदेनं त्या चार ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मग ती म्हणाली, “काही लोक जातील. सांगून ठेवते. आकडे पडतील.”

“पडू देत. लिही: एकाआड एक शनिवारी.”

“‘नवा लेख दर एकाआड एक’? वाक्य बसत नाही गं.”

“मग तुझं ते ‘दर’ काढ.”

नणंदेनं ‘दर’ पुसलं. मग हळूच विचारलं, “आणि एखादा शनिवार नाहीच जमला तर?”

“जमेल. पुस्तक आधी सुटतं, लेख मग लिहिते. आता उलटं नाही.”

वही सोमवारी सुटणार होती, ती तिनं मंगळवारी काढली. हवा दमट होती. त्याच दुपारी लेख लिहायला घेतला, गुरुवारी संपवला. त्यात अकरा बाळं होती, टिपकागद होता, मास्तरांचं ‘वा’ही होतं. शुक्रवारी अकराला मुंगी झोपली तेव्हा तिला कळेना, आता काय करायचं. लेख झालेला, पुढच्या पुस्तकाची खळ वाळत असलेली. ती मुंगीच्या शेजारी आडवी झाली आणि चाळीस मिनिटं तिचा श्वास ऐकत राहिली. नऊ महिन्यांत असं पहिल्यांदाच.

शनिवारी लेख गेला. त्या बुधवारच्या निम्मेही वाचक आले नाहीत. पण साचलेल्या भांड्यांवाली बाई पहिल्या तासात आली: ‘आज बेसिन रिकामं आहे. सावकाश वाचला. दोनदा.’ तिच्या खाली कुणीतरी विचारलं होतं की आजोबांचा मोडक्या पाठीचा शब्दकोश पाठवला तर चालेल का, घाई मुळीच नाही.

सुईणबाई दुपारी आल्या. वही हातात घेऊन त्यांनी कण्यावरून अंगठा फिरवला, पुठ्ठा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. ती अकरा बाळं बोटानं एकेक मोजली. मग शेवटी नव्यानं शिवलेली कोरी पानं पाहून थांबल्या.

“ही कशाला घातलीस? माझं काम तर संपलं.”

“पुठ्ठ्याला आधार लागतो, मावशी.”

“आधार,” त्या पुटपुटल्या. पिशवीतून पेन्सिलीचं थुटुक काढलं. “ही पोर माझ्या हातची नाही. पण वही हिच्यापायी अडली होती, तेव्हा हिचा हक्क आहे.” त्यांनी मुंगीला उचलून पुन्हा हातावर तोललं, डोळे मिटून, काट्याविना. तारीख लिहिली, घर लिहिलं, मुलगी, आणि वजन. मग मुंगीला खाली ठेवलं आणि तिनं तेवढ्यात पटकावलेली पेन्सिल तिच्या हातातून काढून घेतली.

मुंगीनं खोली डोक्यावर घेतली.

सुईणबाईंनी मान कलती करून शांतपणे ऐकलं, आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: ‘खणखणीत.’