सायलसच्या ओंडक्याची साक्ष

मी ओंडका बोलतोय. वारा माझ्याकडून तुमच्याकडे येणार नाही असे बसा, मग ऐका!

दूर दक्षिणेला, मेंढ्यांच्या मुलखात, बॉटनीच्या खाडीकाठी मी निलगिरीचं झाड होतो. शाळेवरून बैलांनी ओढत नेलं, तेवढंच माझं शिक्षण. सायलस पेंगलीनं मला तासलं, तिरपं ठेवलं. मेंढीचं कातडं माझ्या पाठीवर पसरायचं नि बोथट सुरीनं लोकर उतरवायची, हा आमचा धंदा.

त्याआधी ओली कातडी उबदार खोलीत कोंडून टांगतात. चार-पाच दिवसांत लोकर सुटते. रोज अंगठ्यानं चाचपायचं. एक दिवस चुकला की कातडंच कुजतं.

वास? सायलसला तो येतच नसे! चर्चमध्ये लोक लांब सरकत. ह्याला वाटे, मान देतात.

अशा गड्यानं बेकरीवाल्या विनीबाईंना लग्नाचं विचारलं. विधवा बाई, पण खमकी. म्हणाल्या, "शनिवारी येऊन घरदार बघते, मग सांगते."

"अरे, पण वासाचं काय करशील?" शेजारी हसला. तेव्हा कुठे सायलसला घाम फुटला. त्यानं खोलीच्या फटींत चिंध्या कोंबल्या नि तीन दिवस दारच उघडलं नाही. आत साठ कातडी!

शनिवारी विनीबाई आल्या. सायलस चहा ओततोय कपात, पडतोय बशीत. डोळे त्या दाराकडे.

"आत काय आहे हो?"

"काही नाही. अडगळ."

"अडगळ? मग दाराला घाम का फुटलाय?"

सायलस रडकुंडीला आला. "साठ कातडी आहेत. आज लोकर उतरवली नाही तर गेली सगळी."

"मग चहा कसला पाजताय? पीठ जास्त फुगायला लागलं तर मी पाहुण्यांशी गप्पा छाटत नाही!"

त्यांनी चिंध्या उपसल्या, दार उघडलं. देवा रे! अंगणातल्या कोंबड्या कुंपणापार! विनीबाईंनी डोळे पुसले नि एका कातड्यावर अंगठा दाबला.

"सुटतेय की! आणा सुरी."

दिवेलागणीपर्यंत दोघं माझ्या पाठीवर राबत होती. तीनच कातडी वाया गेली.

"मग... उत्तर?" सायलस चाचरला.

विनीबाईंनी आपली बाही हुंगली. "आता ह्या वासासकट मला दुसरं कोण करून घेणार?"

हल्ली लोकर यंत्रं ओढतात. मी अंगणात आडवा, अन् म्हातारा-म्हातारी माझ्यावर बसून भांडतात. नवी सून साबण घेऊन मला घासायला निघालीय. बाई गं, तेवढं करू नकोस. ह्या घरचं लग्न जमलं ते ह्याच वासानं!