ती घरघर माझी नव्हती

मी एक जुना व्हीसीआर आहे. वजन सहा किलो, त्यातली बरीचशी धूळ असावी.

मित्रांनो, मी नवा होतो तेव्हा या घरात मला स्वतंत्र टेबल होतं. पाहुण्यांना आधी मला दाखवायचे, मग पाणी द्यायचे. पुढे सीडी आल्या आणि मी माळ्यावर गेलो. सोळा वर्षं माझ्या डोक्यावर एक बिघडलेला पंखा बसून होता. आमचं बोलणं कधी झालं नाही.

गेल्या महिन्यात ताईनं, म्हणजे या घरातल्या थोरल्या मुलीनं, मला खाली काढलं. घशाच्या ऑपरेशननंतर बाबांचा आवाज कायमचा गेला होता. ते पाटीवर लिहून बोलत. घरातलं सगळं शूटिंग त्यांनीच केलेलं, त्यामुळे ते कुठेच दिसत नाहीत, नुसते कॅमेऱ्यामागून ऐकू येतात. बुरशीतून एकच कॅसेट वाचली होती. तिच्यातला आवाज ताईला लॅपटॉपवर उतरवायचा होता.

पण कॅसेट लावली की घूंऽऽ. चित्रावर आडवे पट्टे सरकत आणि बाबांचा एक शब्द कळत नसे.

"भंगारात दे हे धूड," धाकटा भाऊ म्हणाला.

"तुलाच देते. गप बस."

ताईनं फ्रिज बंद केला. मग ट्यूबलाइट, मग पंखा. भावानं भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला.

"तो कशाला?"

"उगाच शंका नको."

घूंऽऽ तसंच. इकडे टेपची करडी पूड माझ्या पोटात झडत होती. अजून एक-दोनदाच टेप चालली असती.

"आता दोघंच उरले," ताई म्हणाली. "हा आणि लॅपटॉप."

भावानं माझ्याकडे पाहिलं. ताईनं लॅपटॉपचा चार्जर उपटला.

शांतता. माझ्या आणि लॅपटॉपमधल्या वायरीतून त्या चार्जरची घरघर आत शिरत होती आणि नाव माझं होत होतं.

आता अडचण बॅटरीची. ती जेमतेम अकरा मिनिटं टिकायची. बाबांचा भाग नऊ मिनिटांचा.

"पुरेल?"

"पुरवायची."

माझा रबरी पट्टा सैल झाला होता, मित्रांनो. तरी मी टेप सोडली नाही.

"मावशी, डोकं आत घ्या. जरा म्हणजे जरा," बाबांचा आवाज आला. "ताई, नाकातलं बोट काढ. मी काही बोलत नाहीये, तुम्ही आपलं चालू द्या." ते नऊ मिनिटं असंच बोलत नव्हते.

दोन टक्के बॅटरी उरली तेव्हा सगळं उतरलं होतं. बाबांनी तो आवाज तीनदा ऐकला. मग पाटीवर लिहिलं, 'केवढी बडबड. मला कुणी थांबवलं कसं नाही?'

"थांबवत होतो की. तुम्ही ऐकायचात कुठे," ताई म्हणाली.

बाबांनी पाटी पुसली आणि बोटानं खूण केली, परत लाव.

मित्रांनो, घरातल्या कॅसेट आजच काढून बघा, बुरशी कुणाची वाट पाहत नाही. शूटिंग करणाऱ्यालाही अधूनमधून बोलू द्या. आणि जुनं यंत्र घुमायला लागलं, तर भंगारवाल्याला बोलवण्याआधी आजूबाजूच्यांची एकदा झडती घ्या. तेवढा वेळ आम्ही थांबतो.