एकदा थांब, दोनदा पळ

बाबांनी दोरी ओढली. मशीन खोकलं आणि गप्प झालं.

बरं झालं.

मी त्यांच्या मागे तीन पावलांवर उभी आहे. हातात हॉलच्या खिडकीच्या पडद्याचा पाइप. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, त्यांची चेनसॉ चाळिशीतली, आणि झाड दोघांहून थोरलं. परवाच्या वादळात ते मुळासकट अर्धं उपटलं, गल्लीवर कललं आणि शेंडा पलीकडच्या झाडाच्या बेचक्यात अडकून लटकत राहिलं. धड पडलं नाही, धड उभं नाही. खालून शाळेची मुलं जातात, दूधवाला जातो.

नगरपालिकेच्या ऑफिसात फोन केला तर तिथल्या बाई म्हणाल्या, "माणसं चार दिवसांनी येतील. तोवर खालून जाऊ नका."

"मग वरून जायचं का?" मी विचारलं. बाई हसल्या नाहीत.

चार दिवस थांबता आलं असतं. पण समोरचा दुकानदार बाबांना म्हणाला, "तुम्ही गल्लीत असताना बाहेरची माणसं कशाला? मग आयुष्यभर झाडं तोडून केलंत काय?" ते बाबांच्या जिव्हारी लागलं. घरी येऊन त्यांनी माळ्यावरची चेनसॉ काढली.

"मी कापणार. तू मागे उभी राहतेस तर राहा, नाहीतर एकटा कापतो."

काल मी मशीनचा स्पार्क प्लग काढून माझ्या पर्समध्ये लपवला. आज सकाळी त्यांनी मशीन उघडून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बटणांच्या डब्यातून दुसरा प्लग काढून बसवला.

पुन्हा दोरी.

खोकला. गप्प.

लहानपणी मशीनच्या आवाजाची भीती कधी वाटली नाही. आवाज थांबला की वाटायची.

आमची सहा घरं एका ओळीत होती, मागे उतार, उतारावर झाडं, झाडांत आमचे सहा बाप. सहा मशीन आम्हा मुलांना आवाजावरून ओळखू यायची. माझ्या बाबांचं शिवी दिल्यासारखं सुरू व्हायचं आणि पोट भरल्यासारखं बंद पडायचं. ज्याच्या बापाचं मशीन थांबेल त्याने खेळ सोडून आकडे मोजायचे. असं कुणी शिकवलं नव्हतं. पेट्रोल भरायला दोनशेपर्यंत. चेनला धार लावायची असेल तर चारशेपर्यंत. चारशेच्या पुढे गेलं की बाकीचे पाचजणही गप्प व्हायचे, आणि घरात आई नळ बंद करायची. पाण्याचा आवाज नको म्हणून. मग शेजारच्या घरातला नळ बंद. मग त्याच्या पलीकडचा. सहा नळ बंद, आणि सगळ्या बायका आपापल्या मागच्या दारात, हात ओलेच, उताराकडे कान लावून.

मग आवाज सुरू व्हायचा आणि आई म्हणायची, "बघा, विडी ओढत बसला असेल मेला."

"पाइप नीट धर," बाबा म्हणतात. "टोक लोंबतंय."

नीट धरते. दोन्ही हातांनी.

यांचा एक नियम आहे, यांच्याच टोळीचा. दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. मशीन चालू असताना हाका मारून उपयोग नाही. म्हणून कापणाऱ्याच्या मागे एकजण लांब काठी घेऊन उभा. कापणाऱ्याने फक्त कापाकडे बघायचं, काठीवाल्याने फक्त वर. पाठीवर एकदा टोला म्हणजे थांब, मशीन मंद कर. दोनदा म्हणजे हातातलं टाक आणि तिरका मागे पळ. का, कशाला, काही विचारायचं नाही.

एकदा थांब, दोनदा पळ. तिसरा हुकूम नाही.

दोरी. खोकला. यावेळी जरा लांब.

मी कान तपासते. तोच माझा धंदा. काचेच्या खोलीत माणूस बसवायचा, हेडफोन लावायचा, आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. ते सहाही बाप माझ्याकडे येऊन गेले. सहाजणांचे कागद एकावर एक ठेवले तर एकच रेघ: थोडी सपाट, मग कड्यावरून ढकलल्यासारखी खाली. बाबांचं कानातलं यंत्र मीच बसवलंय. आत्ता ते शर्टाच्या खिशात आहे. चेनसॉ चालू असताना कानात ठेवलं तर डोक्यात खिळा ठोकल्यासारखं होतं, म्हणतात.

चार वर्षांपूर्वी खांबकाका आले होते. सहांतले सर्वांत उंच, म्हणून खांब. डावा पाय गुडघ्याखाली नकली. पाय गेला त्या दिवशी मी नऊ वर्षांची होते आणि दोन हजारांच्या पुढे मोजलं होतं. मशीन दोन्ही बंद होती, त्यांचं आणि बाबांचं. म्हणजे मी आणि त्यांची मुलगी दोघी मोजत होतो, शेजारी शेजारी बसून, एकमेकींकडे न बघता. आपल्या बापाला काही नको व्हायला, असं मी मागत होते. म्हणजे तिच्या बापाला होऊ दे, असंच ना ते. संध्याकाळी बाबा चालत आले आणि मोरीत बसून खूप वेळ हात धूत राहिले.

खांबकाका काचेच्या खोलीत बसले आणि ओरडून बोलायला लागले. बहिऱ्यांना वाटतं समोरचाही बहिरा आहे.

"तुझ्या बापाला आम्ही ससा का म्हणायचो, ठाऊक आहे?"

"जोरात पळायचे म्हणून."

ते इतके हसले की हेडफोन गळ्यात आला. "अगं, पळवायचा म्हणून! एका आठवड्यात तीनदा. मी कापतोय, तो मागे काठी घेऊन. दोन टोले! मी मशीन फेकून काट्याकुट्यांतून धावतोय आणि मागे बघतो तर पानसुद्धा हललेलं नाही. तीनदा! मग आम्ही सोडतोय होय त्याला? दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यात गवत भरून ठेवलं. सशाला जेवण."

"मग?"

"मग चौथ्यांदा त्याने एकदाच मारलं." ते मांडीवरून हात फिरवत राहिले. "मी थांबलो. अगदी पुतळ्यासारखा थांबलो. आणि ते आलं खाली."

मी बटणांकडे बघत विचारलं, "त्यांना कधी विचारलं नाहीत, एकदाच का मारलं म्हणून?"

"काय विचारू? गवत मीच आणलं होतं."

हे मला ठाऊक आहे हे बाबांना ठाऊक नाही.

दोरी.

लागलं.

शिवी दिल्यासारखंच. इतक्या वर्षांनी तीच शिवी, आणि माझ्या पोटात तीच नऊ वर्षांची पोरगी उकिडवी बसली.

बाबा एकदा मागे वळून बघतात, मी आहे ना म्हणून. मी मान हलवते. ते खोडापाशी जातात. मी वर बघते. फक्त वर. आता आवाजाला कड नाही, सगळीकडे आवाजच आहे, दातांत, पाइपमध्ये. कान माझे शाबूत आहेत आणि काही उपयोग नाही. लाकूड तडकण्याआधी बोलतं असं म्हणतात. या आवाजात कुणाच्या बापाला ऐकू येणार?

भुसा माझ्या चपलांवर पडतोय. गार, ओलसर. वर बघ.

शेंडा हलला.

दोन टोले. मी मारलेसुद्धा, मग कळलं की मारले. बाबांनी मशीन टाकलं आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे ते पाय तिरके मागे धावले, सहा पावलं, सातव्याला गुडघ्यावर पडले. मशीन जमिनीवर एकटंच गुरगुरतंय. झाड तसंच.

पाठोपाठ माझ्या गालाला वारा लागला. वाराच होता.

बाबा उठले. गुडघा झटकला. ते हसत होते, दात दाखवून. "काय गं, तूही ससा झालीस का?"

आणि त्यांचं हसू तिथेच थांबलं. शब्द आपल्याच तोंडातून आला हे त्यांना जरा उशिरा कळलं. मी पाइपच्या टोकाकडे बघत राहिले.

गल्लीच्या तोंडाशी पाच-सहा माणसं जमली आहेत. दुकानदार आहेच.

पुन्हा काप. पुन्हा वर बघ. बेचक्यात फांद्या एकमेकींत अशा घुसल्यात की कुठली कुणाची कळत नाही. कुठली धरते आहे आणि कुठली धरल्यासारखं करते आहे? माझ्या घशात भुसा. एक वाळकी काटकी सुटली, गिरक्या घेत आली. हाताएवढी.

दोन टोले.

ते धावले. काटकी माझ्या आणि त्यांच्या मध्ये पडली. गल्लीत हशा. कुणीतरी ओरडलं, "काका, पोरीला घरी पाठवा! मी धरतो काठी!"

बाबांना ते ऐकू आलं नाही. पण माणसं हसताना कशी दिसतात ते त्यांना चांगलं माहीत आहे. ते तरातरा माझ्यापाशी आले, तोंड माझ्या तोंडाजवळ आणलं. "आता उगाच मारलंस ना, तर मी मागे वळूनसुद्धा बघणार नाही. कळलं?"

कळलं.

तिसऱ्यांदा.

तिसऱ्यांदा मी काय पाहिलं ते सांगते. काही पाहिलं नाही. हे खरं नाही. मला वाटलं की खोडाची साल एका जागी ताणली, घडीच्या कापडावर सुरकुती हलावी तेवढी. किंवा माझी पापणी हलली. नक्की सांगता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं.

आणि तेव्हा डोक्यात एक शहाणा विचार आला. एकदाच मार. एकदा मारलं तर ते फक्त थांबतील. वर बघतील, त्यांचं ते ठरवतील. त्यांना कळतं, मला कळत नाही. एकदा मारल्याला कुणी हसत नाही. एकदा मारणं म्हणजे मी घाबरले नाही, मी फक्त लक्ष ठेवून आहे. किती सोयीचं. पण हा विचार माझा नव्हता. कुणीतरी आधी इथे, असंच पाठीमागे उभं राहून, ओठ चावत, हाच विचार केला होता. तो वेंधळेपणा नव्हता. त्या माणसाने नीट विचार केला होता.

पाइप वर गेला.

एक.

पाइप हवेतच राहिला. किती वेळ? मोजला नाही. मागे माणसं बघत होती. माझी मान त्यांच्या नजरांनी गरम झाली होती, हे आठवतं. बाबांचा वाकलेला पाठकणा शर्टातून दिसत होता, तेही.

दोन.

बाबा हलले नाहीत. बोलल्याप्रमाणे त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मशीन मात्र मंद केलं. म्हणजे त्यांनी एकच मोजला, की दोन मोजून एकच पाळला?

काठीवाल्याने कधीही पुढे जायचं नसतं. मी पाइप टाकला, पुढे गेले, दोन्ही मुठींत त्यांचा शर्ट धरला आणि अंगातलं होतं नव्हतं ते सगळं मागे टाकलं. बटणं तुटली. मशीन त्यांच्या हातातून सुटून कापातच राहिलं. आम्ही दोघे पाठीवर पडलो, ते माझ्यावर, आणि त्यांचं वजन किती कमी झालंय ते मला तेव्हा कळलं.

झाड खाली बसलं. पडलं नाही, बसलं. चार बोटं. कापाने मशीनची पट्टी दातांत धरली, मशीन किंचाळलं आणि बंद पडलं.

मग काहीच ऐकू येईना.

शेंडा बेचक्यातच होता. खोड पूर्वीसारखं लटकलेलं, चार बोटं खाली, तोंडात आमचं मशीन. कुणी म्हणेल एवढंच होणार होतं. कुणी म्हणेल ते तिथे उभे असते तर. मी रोज दोन्ही म्हणते.

बाबा उठून बसले. शर्ट उघडा, छातीवर भुसा. बराच वेळ त्यांनी खोडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, माझ्या ओठांकडे.

"एकदाच का नाही मारलंस?"

मी सावकाश बोलले, ओठ नीट हलवून. "भीती वाटली."

"भीती वाटली की माणूस एकदाच मारतो," बाबा म्हणाले.

एवढंच. मी खांबकाकांचं नाव काढलं नाही. त्यांनीही नाही. पण ते माझ्याकडे असे बघत होते की, मला ठाऊक आहे हे त्यांना कळलं असावं. मला मान वळवावीशी वाटली. वळवली नाही.

तोवर दुकानदार येऊन पोचला. झाडाखाली नाही, बेताने, भिंतीला धरून. "काय हे काका! मशीन सोडून दिलंत? काढा की बाहेर. आता थोडंच राहिलंय." आणि बाकीच्यांकडे बघत, "का, घाबरलात?"

बाबांनी खिसा चाचपला. कानातलं यंत्र पडताना कुठेतरी निसटलं होतं. ते माझ्याकडे वळले. "काय म्हणतो?"

मला सांगायचं नव्हतं. पण त्यांनी कान पुढे केला, आणि हळू बोलून त्यांना ऐकू येत नाही. मी ओरडले. सगळ्या गल्लीने ऐकावं इतक्या जोरात.

"विचारतोय, घाबरलात का!"

कुणी हसलं नाही. सगळे वाट बघत होते. बाबा शर्टाची तुटलेली बटणं शोधल्यासारखे जमिनीकडे बघत होते, आणि मला वाटलं आता ते उठतील, मशीनकडे जातील, आणि मी दुसऱ्यांदा त्यांना ओढू शकणार नाही.

"हो," बाबा म्हणाले. मग त्यांना वाटलं असावं की ऐकू गेलं नाही. बहिऱ्यांना तसं वाटतं. म्हणून ते ओरडले, "हो! घाबरलोय! येऊ दे ऑफिसच्या माणसांना चार दिवसांनी. मुलांना वरच्या रस्त्याने पाठवा!"