चाचणीची फीत

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतली सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे गतीच्या प्रयोगाची लाकडी फळी, आणि तिच्या खालोखाल मी. फळीवरून तीन चाकांची ट्रॉली हाताने ढकलायची. ट्रॉलीच्या मागे चिकटवलेली कागदाची अरुंद फीत टायमरमधून सरकत जाते आणि टायमरची पट्टी कार्बनवर आपटून तिच्यावर सेकंदाला पन्नास ठिपके पाडते. गाडी सावकाश असेल तर ठिपके दाटीवाटीने, वेगात असेल तर लांब लांब, आणि पलीकडच्या ठोकळ्यावर आदळून थांबली की ठिपक्यावर ठिपका पडून एक काळा डाग. यंत्र म्हणाल तर एवढंच. पण प्रयोगशाळेचा मदतनीस म्हणून एकोणीस वर्षं फिती पाहून पाहून मला त्या हस्ताक्षरासारख्या वाचता येऊ लागल्या होत्या. नाव झाकून कुणीही फीत पुढे करावी, आणि मी सांगावं, ही घाबरटाची, ही आगाऊ कार्टीची, ही त्या खिडकीपाशी बसणाऱ्या आळशाची. मुलं तोंडात बोटं घालायची आणि मीही थोडा फुगायचो, खोटं कशाला बोलू.

मुलांच्या फिती त्यांच्या वहीत चिकटवल्या जात, सरांच्या फिती नमुना वहीत. रोज सकाळी यंत्राच्या चाचणीसाठी मी जी फीत ओढायचो, ती मात्र न बघता टोपलीत टाकायचो. टायमर खडखडतोय ना, कार्बन उमटतोय ना, मग झालं.

भौतिकशास्त्राचे सर माझे मेहुणे, धाकट्या बहिणीचे यजमान. नात्याने मी मोठा, हुद्द्याने ते. शाळेत मी त्यांना 'सर' म्हणायचो आणि घरी ते मला 'दादा'. माणूस अबोल, नीटनेटका, खडूचा तुकडासुद्धा कागदात गुंडाळून ठेवणारा. तीन आठवड्यांपूर्वी माझ्या बहिणीचं, आमच्या ठकीचं, उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. "न्हाणीघरात घसरले रे," ती म्हणाली. सरांनी मान हलवली. मला त्या मान हलवण्याचाच राग आला. माझं डोकं तसं लवकर तापतं, लहानपणापासून तापतं. पण आईबाबा गेल्यावर ठकीला मी वाढवलंय, तिच्या अंगावर कुणी बोट ठेवलेलं मला चालणार नव्हतं.

त्या सोमवारी टोपली भरून वाहत होती, म्हणून चाचणीची फीत टेबलावरच राहिली आणि जाता जाता माझं लक्ष गेलं. ट्रॉली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. एका ढकलण्यात सुरळीत जाऊन ठोकळ्याला टेकली होती. फितीवर मात्र एक धाव नव्हती. ठिपके दाट, मग झपाट्याने लांब, मग काळा डाग. पुन्हा दाट, लांब, डाग. मोजले, तर अकरा वेळा. चौथ्यानंतरचा डाग इतरांपेक्षा मोठा होता, कुणीतरी तिथे दम खाल्ल्यासारखा. सातवा हिसका आखूड. अकरावा सगळ्यात लांब, त्याचे ठिपके इतके दूर दूर गेलेले की मुलांपैकी कुणाच्या हातात तेवढा जोर नसेल. आणि प्रत्येक झेपेच्या आधी दोन ठिपके एकमेकांना चिकटलेले, म्हणजे हिसक्याआधी मनगटात बारीकशी अडखळ.

कार्बन बदलला, फळीची पातळी तपासली, चाकांना तेल दिलं. मंगळवारी अकरा. बुधवारी अकरा, तोच मोठा डाग, तोच आखूड सातवा. पहिल्या तासाला त्याच यंत्रावर मुलांच्या फिती सरळ, शहाण्यासारख्या आल्या. मी ढकलली की अकरा. का, ते मला लगेच उमगलं: ठकीला बसलेले फटके ती फीत मला मोजून दाखवत होती. मी तिचा भाऊ होतो; दुसऱ्या कुणाला दाखवून काय उपयोग?

मग मी सरांची नमुना वही काढली. त्यांच्या फितीत हिसक्याआधी दोन ठिपके जवळ होते. अगदी चिकटलेले नव्हते, पण जवळ होते. मला तेवढं पुरलं. रागावलेला माणूस जास्त अडखळत असेल, असं मी ठरवून टाकलं.

गुरुवारी संध्याकाळी मी ठकीकडे गेलो. ती डाव्या हाताने कपड्यांच्या घड्या घालत होती.

"किती वेळा मारलं त्याने?" मी विचारलं.

"कुणी?"

"अकरा वेळा ना?"

तिने हातातला कपडा खाली ठेवला. "दादा, तुझं काय चाललंय? अरे, साबणावरून पाय सटकला माझा. ह्यांनीच उचलून दवाखान्यात नेलं."

मी वरच्या फळीवरचं तिचं औषध काढायला हात उचलला, तशी ती अंग चोरून भिंतीला लागली. हात उगारलेला दिसला की अंग चोरायचं, एवढी तिची गत करून ठेवली होती त्या माणसाने. मला रडू आलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा होता, पण ती पाणी आणायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. दुपारी प्लास्टर काढायला जायचं म्हणून ठकी सरांना घ्यायला शाळेतच येणार होती. शेवटचा वर्ग सुटला. सर प्रयोगशाळेत आकडे तपासत बसले होते. मी फीत त्यांच्यासमोर टेबलावर पसरली आणि दोन्ही टोकांना वजनं ठेवली.

"हे काय आहे, सर?"

त्यांनी चष्मा वर केला, फीत पाहिली. "यंत्र अडकतंय कुठेतरी. नवीन मागवू या."

"यंत्राचं नाही विचारत मी. ठकीचं विचारतोय."

"दादा," ते म्हणाले, शाळेत पहिल्यांदाच तसं म्हणाले, "तुम्ही जरा बसा. तिनेच मला सांगितलंय, तुम्हाला राग आला की..."

पुढचं मी ऐकलं नाही. ट्रॉलीवर ठेवायचं एक किलोचं लोखंडी वजन माझ्या हाताशी होतं. पहिल्या घावाला त्यांचा चष्मा फुटला आणि दुसऱ्याला ते खुर्चीसकट मागे कलंडले. तिसरा खांद्यावर. चौथ्याला वजन ओलं होऊन हातातून निसटलं, बाकाखाली गेलं, आणि मला गुडघ्यांवर बसून ते शोधावं लागलं. तेवढ्या वेळात सर सरपटत फळ्यापर्यंत पोचले होते. पाचवा, सहावा. सातव्याला कोपर कपाटाच्या दाराला अडकलं आणि घाव अर्ध्यावरच राहिला. मग आणखी तीन. दहाव्यानंतर ते हलत नव्हते. खोलीत फक्त टायमर खडखडत होता. तो कुणी चालू केला, मला आठवत नाही.

मी धापा टाकत टेबलाला टेकलो. समोर फीत होती. चौथ्यानंतर मोठा डाग. सातवा आखूड.

टोपली मी डाव्या हाताने ओतली. आदल्या दिवसांच्या फिती, मागच्या आठवड्यांच्या फिती, सगळ्या माझ्या हाताच्या. एकेक उलगडून बघत गेलो. प्रत्येकीत हिसक्याआधी दोन ठिपके एकमेकांना चिकटलेले होते. शाळेतल्या प्रत्येक पोराचा हात मला पाठ होता, आणि स्वतःचा मी कधी पाहिलाच नव्हता.

दारात पावलं वाजली. ठकी होती. तिने आधी मला पाहिलं, मग फळ्याखाली पाहिलं. ती किंचाळली नाही. हळूहळू चालत आत आली, सरांना ओलांडून माझ्यापर्यंत आली, आणि लहानपणी मला शांत करायची तसा तिने प्लास्टरचा हात माझ्या दंडावर ठेवला.

"दादा, पुरे," ती म्हणाली. "मी खरंच घसरले होते रे."

मी मान हलवली. मला ते पटलं होतं. मी पुन्हा मोजून पाहिलं. मी दहाच मारले होते, आणि फितीवर अकरा होते.

वजन अजून माझ्या उजव्या हातातच होतं. मी ते खाली ठेवायला निघालो, तेवढ्यात मनगटात एक बारीकशी अडखळ आली.