गवती चहाचं तेल

गवती चहाच्या तेलाने भाकरीवरची बुरशी मेली, तेव्हा मी वर्गात नुसती नाचत होते. विज्ञानाच्या सरांनी विचारलं, "स्नेहल, पण माणसाला काय होतं, ते बघितलंस का?" म्हणून घरी मी खोबरेल तेलात एक थेंब मिसळून माझ्याच कोपराच्या आतल्या बाजूला लावला. गवती चहाच्या तेलाची बाटली तशीच ओट्यावर राहिली.

सकाळी हात एकदम स्वच्छ! खाज नाही, लाली नाही. मी ओरडतच स्वयंपाकघरात शिरले. "आत्या, तेल पास झालं!"

"व्हनारच की," आत्या कप उचलत म्हणाली. "परसातला गवती चहा वाळलाय, म्हनून तुझ्या बाटलीतलंच चमचाभर चहात टाकलं."

कोऱ्या चहावर पिवळा तवंग तरंगत होता. म्हणजे पहिला घोट निव्वळ तेलाचाच! मी कपावर झडप घातली. कप फुटला.

"अगं भवाने! पास झालं म्हन्लीस ना?"

"हातावर पास झालंय, आत्या! पोटात न्हाई!"

तिला पटेना. तिने सांडलेल्या चहात बोट बुडवून जिभेला लावलं. दुसऱ्या क्षणी तिने पदर तोंडावर धरला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"आगं आय आय! आन ह्ये मी घटाघटा पिनार हुते व्हय?"

मी तिचा हात घट्ट धरून तशीच उभी राहिले.